संमेलनाला निघालात? एक दिवस जादा काढा

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या भागात संमेलनाला किंवा मेळाव्याला येणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठी प्रवास, मुक्काम आणि पाहण्याच्या ठिकाणांची माहिती

साहित्य संमेलन असो, शेतकरी मेळावा असो, दूध संघाचे अधिवेशन असो की बचत गटांचे प्रदर्शन असो, गावाकडची माणसे अशा कार्यक्रमाला कशी जातात हे आपल्याला ठाऊक आहे. रात्रभर गाडीत जागरण करायचे. सकाळी मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसायचे. दुपारी जेवणाच्या रांगेत तासभर उभे राहायचे आणि संध्याकाळी परतीची गाडी धरायची. घरी कोणी विचारले, “काय पाहिलंत?” तर सांगायला गर्दीखेरीज काही नसते. पैसे गेले, दोन दिवस मोडले, गोठ्यातली धार शेजाऱ्याने काढली आणि हाती काय लागले, तर छातीवरचा कागदी बिल्ला!

वाचकहो, असे होऊ नये म्हणून हा लेख आहे. आम्ही ठाणे जिल्ह्यातला खाडीकाठचा टापू निवडला आहे, कारण इथे संमेलने वारंवार भरतात आणि राज्याच्या सगळ्या बाजूंचे रस्ते इथे येऊन मिळतात. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांचा भाचा, पुतण्या किंवा जावई भिवंडीच्या मागावर नाही तर पूर्णा-काल्हेरच्या गोदामात कामाला असतो. आमचे सांगणे एवढेच की संमेलनाचे दिवस धरा आणि त्याला एक दिवस जोडा. तो जादा दिवस कसा घालवायचा, ते पुढे सांगतो.

संमेलन आपले आहे का?

आधी मनातला संकोच काढून टाकू. साहित्य संमेलन म्हटले की आपल्याला वाटते, ते शिकल्यासवरल्या शहरी लोकांचे काम, आपण तिथे पाहुणे. हा संकोच आजचा नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ मध्ये दुसरे भरले, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनाही निमंत्रण गेले होते. फुले त्याच्या दोनच वर्षे आधी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून मोकळे झाले होते. त्यांनी पत्र लिहून संमेलनाला येण्याचे नाकारले. ज्या सभेत कष्टकऱ्यांच्या दुःखाला जागा नाही तिथे आपले काय काम, असा त्या पत्राचा रोख होता.

आता पुढची गोष्ट ऐका. २०१७ साली ३ ते ५ फेब्रुवारीला ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. अध्यक्ष होते डॉ. अक्षयकुमार काळे. संमेलनाची यजमान संस्था होती आगरी युथ फोरम. आगरी म्हणजे या खाडीकाठचा मूळ शेतकरी. भातशेती, मिठागर आणि खाडीतली मासेमारी यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला समाज. १८८५ साली शेतकऱ्यांच्या कैवाऱ्याने संमेलनाकडे पाठ फिरवली आणि १३२ वर्षांनी शेतकऱ्यांच्याच मुलांनी संमेलनाचा मांडव घातला. मधल्या काळात पुष्कळ लोकांनी पुष्कळ झगडून हा रस्ता मोकळा केला. तेव्हा मांडवात शिरताना अंग चोरू नका.

ठाणे शहरातही १९६०, १९८८ आणि २०१० साली हे संमेलन भरले होते. त्याची जागा दर वर्षी बदलते. २०२४ मध्ये ते अमळनेरला झाले, २०२५ मध्ये दिल्लीला. म्हणून तुमचे संमेलन कोणते आणि कुठे, हे वर्तमानपत्रात पाहून ठेवा. खाली दिलेली माहिती या टापूत भरणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला उपयोगी पडेल.

घरून निघण्यापूर्वी

संमेलने बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत भरतात. तेव्हा आपल्याकडे हरभरा घाट्यात, गहू ओंबीवर, कापसाची वेचणी चालू आणि कांद्याला पाण्याची पाळी. सगळ्यांनी निघणे जमणार नाही. दोघांनी जा, पण दोन्ही पुरुषच जाऊ नका. नवरा-बायको जा, सासू-सून जा, नाही तर आजोबा आणि नात. बाईने पाहिलेले आणि पुरुषाने पाहिलेले वेगळे असते. घरी आल्यावर दोन्ही मिळून पुरे चित्र होते.

तीन कामे आधी करा. पहिले, प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवायचे की नुसते श्रोते म्हणून जायचे, ते ठरवा. साहित्य संमेलनात प्रतिनिधी शुल्क भरणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय आयोजक करतात. भाषणे, परिसंवाद, कविसंमेलन मात्र सर्वांना खुले असते. भावकीत मुक्काम होणार असेल तर शुल्क वाचते. दुसरे, कार्यक्रमपत्रिका मिळवा आणि ऐकायच्या दोन-तीन कार्यक्रमांवर खूण करा. तिसरे, एका कागदावर मुक्कामाचा पत्ता, तिथल्या माणसाचे नाव आणि फोन नंबर लिहून प्रत्येकाच्या खिशात एकेक ठेवा. मोबाईलची बॅटरी ऐन वेळी उतरते, कागद उतरत नाही.

पैसे एका ठिकाणी ठेवू नका. थोडे वरच्या खिशात, बाकीचे आत. आधार कार्ड जवळ असू द्या. एस.टी.त पंचाहत्तरीच्या पुढच्या वृद्धांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून आणि महिलांना निम्मे तिकीट मार्च २०२३ पासून लागू झाले. सवलतींचे नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी आपल्या डेपोत एकदा विचारून घ्या.

कसे याल?

पश्चिम महाराष्ट्रातून आणि पुण्याकडून येणाऱ्यांना रेल्वे सोयीची. पुण्याची गाडी बोरघाट उतरून कर्जतवरून कल्याणला येते. नाशिक, जळगाव, मनमाडकडच्यांची गाडी इगतपुरीनंतर कसारा घाट उतरते. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली आणि कसारा घाटातली १८६५ साली सुरू झाली. हे दोन्ही मार्ग कल्याणला एकत्र होतात, म्हणून कल्याण हे मोठे जंक्शन. मुंबई-ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणला पोहोचले.

जुन्नर, ओतूर, आळेफाटा, अहिल्यानगर भागातल्यांनी माळशेज घाटाची एस.टी. धरावी. ती मुरबाडवरून थेट कल्याणला येते. गाडी घाट उतरून वैशाखरे गावाजवळ आली की खिडकीतून सह्याद्रीकडे पाहा. अंगठ्यासारखा वर आलेला एक सुळका दिसेल. तो नानाचा अंगठा आणि त्याच्या कुशीत नाणेघाट. या घाटाची गोष्ट पुढे येणारच आहे.

विदर्भ-मराठवाड्यातून मोटारीने येणाऱ्यांना समृद्धी महामार्ग आहे. नागपूरपासून निघालेला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाजवळ संपतो. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. रस्ता सरळ आणि मोकळा असल्याने चालकाला डुलकी लागते. निघण्यापूर्वी टायर तपासा, दर दोन तासांनी गाडी थांबवा आणि रात्रीचा प्रवास शक्यतो टाळा.

वसई-पालघरकडून येणाऱ्यांसाठी वसई-दिवा लोहमार्गावर भिवंडी रोड नावाचे स्टेशन आहे. पण त्या मार्गावर गाड्या मोजक्या, म्हणून वेळ पाहूनच निघा.

कल्याणला उतरल्यावर पुढचा प्रवास लोकलचा. इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, म्हणून नीट ध्यानात ठेवा. कल्याणहून मुंबईकडे निघाले की ठाकुर्ली आणि मग डोंबिवली. उलट दिशेला मात्र दोन फाटे फुटतात. कर्जत, बदलापूर, अंबरनाथ असे नाव असलेली गाडी एका मार्गाने जाते आणि कसारा, आसनगाव, टिटवाळा असे नाव असलेली दुसऱ्या. अंबरनाथला जायचे तर पहिल्या मार्गाची गाडी धरा, कल्याणपासून तिसरे स्टेशन. टिटवाळ्याच्या महागणपतीला जायचे तर दुसऱ्या मार्गाची, तेही तिसरेच स्टेशन. सकाळी सात ते दहा मुंबईकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी सहा ते नऊ मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांत लहान मूल, म्हातारे माणूस आणि बोचके घेऊन चढू नका. बायकांचा डबा वेगळा असतो, पण तिथेही तीच गर्दी. नवरा एका डब्यात आणि बायको दुसऱ्या डब्यात बसणार असतील, तर उतरायचे स्टेशन आणि भेटायची जागा आधी ठरवा.

आणखी एक बारीक गोष्ट. इथे प्रत्येक स्टेशनला पूर्व आणि पश्चिम असे दोन अंग असतात. पत्ता विचारताना ‘पूर्वेला की पश्चिमेला’ हे आधी विचारा. डोंबिवलीचे ह.भ.प. सावळाराम महाराज क्रीडासंकुल, जिथे २०१७ चे संमेलन झाले, ते पूर्वेला आहे. कल्याणचा एस.टी. डेपो, जुना बाजार आणि दुर्गाडी किल्ला पश्चिमेला. अंबरनाथचे शिवालय पूर्वेला.

मुक्काम: पूर्णा गाव धरा

लॉज महाग पडतो आणि संमेलनाच्या दिवसांत मिळतही नाही. भावकीतले कोणी भिवंडीकडे असेल तर तिथेच मुक्काम बरा. पूर्णा हे गाव ठाणे-भिवंडी रस्त्यावर आहे. ठाण्याहून निघाले की बाळकूम, मग खाडीवरचा कशेळीचा पूल, मग काल्हेर, पूर्णा आणि पुढे अंजूरफाटा. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून भिवंडीच्या गाड्या आणि शेअर रिक्षा मिळतात. कल्याणकडून यायचे तर आधी भिवंडी गाठून अंजूरफाट्यावरून पूर्णा. डोंबिवलीला जाण्यासाठी माणकोली आणि मोठागाव यांना जोडणारा खाडीपूल झाला आहे, त्यामुळे ठाण्याचा वळसा वाचतो.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या मार्गावर पूर्णा हे एक स्थानक ठरलेले आहे. त्या मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला कल्याणला झाले. तुमच्या तारखेला ती कुठवर धावते, ते नातेवाइकाला फोन करून विचारा. या रस्त्यावर कंटेनरची रांग रात्रंदिवस असते. अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास धरून निघावे.

भावकीत जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, हे सांगायला नको. मात्र इथली घरे लहान असतात आणि पाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. दोघांनी जायचे ते आठजणांनी जाऊन यजमानणीच्या डोक्याला ताप देऊ नका. शेजारी आगरी घर असेल तर तांदळाच्या भाकरीची चव घ्या आणि ती कशी थापतात ते पाहून घ्या. ज्वारी-बाजरीवर हात बसलेल्या बाईलाही पहिल्या दिवशी ती जमत नाही.

मंडपात

पहिल्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी असते. पालखीत ग्रंथ, पुढे टाळ-मृदंग, लेझीम, शाळेची मुले. आपल्याला वारीची सवय, त्यामुळे दिंडीत पाय आपोआप पडतात. मग उद्‌घाटन आणि अध्यक्षांचे भाषण. हे भाषण छापून मिळते, म्हणून ते उभ्याने ऐकण्याचा अट्टहास नको. त्या वेळात ग्रंथप्रदर्शन पाहा, तेव्हा तिथे गर्दी कमी असते.

पुस्तके घेताना आधी सगळी दालने फिरा आणि मग पैसे काढा. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर एक पुस्तक त्याच्यासाठी, एक शेतीचे आणि एक घरातल्या बाईला आवडेल ते, एवढे पुरे. परिसंवादात शेवटी प्रश्न विचारायला वेळ मिळाला तर हात वर करा. प्रश्न दोन वाक्यांत विचारा. आपल्या तालुक्याचे नाव सांगा आणि आपल्या बोलीत बोला. बोलीची लाज बाळगण्याचे दिवस गेले. २०१७ चे यजमानही घरी आगरी बोलणारे होते.

जादा दिवस: सकाळ कल्याणची

संमेलन संपले की दुसऱ्या दिवशी पहाटे उठा आणि कल्याणला या. पश्चिमेला कृषी उत्पन्न बाजार समितीत फुलांचा बाजार असतो, तो पहाटेच पाहायचा. झेंडू, शेवंती, गुलाब यांची पोती आणि क्रेट उतरत असतात. आपला माल आपण गाडीत घालतो, पट्टी घरी येते; पण मधे काय होते ते फार थोड्यांनी पाहिलेले असते. दर कसा पुकारतात, तोलाई-हमाली कशी कापतात, कोणता माल बाजूला काढतात, हे तासभर उभे राहून पाहा. फूल पिकवत नसाल तरी हे पाहणे वाया जात नाही.

तिथून लोकलने अंबरनाथ. स्टेशनपासून रिक्षाने थोड्या अंतरावर काळ्या पाषाणाचे शिवमंदिर आहे. त्यावरच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० असा काळ दिला आहे. शिलाहार राजांच्या वेळचे हे काम. भिंतीवर हातभर जागा कोरीव कामावाचून राहिलेली नाही. गाभाऱ्यात जायला पायऱ्या खाली उतरतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा हात धरा. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा असते. तेव्हा निवांत दर्शन होत नाही, एरवी होते.

परत कल्याणला येऊन दुर्गाडी किल्ल्यावर जा. किल्ला लहान आहे, दमछाक होत नाही. वरून उल्हास नदीची खाडी दिसते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही ठाणी आदिलशाहीकडून घेतली आणि पुढे याच खाडीत गलबते बांधून मराठी आरमाराचा पाया घातला गेला. डोंगरातल्या मावळ्यांचा राजा, पण समुद्रावाचून राज्य टिकणार नाही हे त्याने इथे ओळखले.

आता त्या नाणेघाटाकडे वळू. कल्याण हे शिवकाळाच्याही आधीचे, दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. एका ग्रीक दर्यावर्दीने पहिल्या शतकात लिहिलेल्या प्रवासवर्णनातही या बंदराचा उल्लेख येतो. बंदरातून परदेशी माल यायचा आणि देशावरचा माल जायचा. तो चढ-उतार करायचा नाणेघाटाने. सातवाहनांची राजधानी पैठण, बाजाराचे गाव जुन्नर आणि खाली कल्याण, अशी ती वाट. घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असे सांगतात. म्हणजे आपल्या शिवारातला माल या खाडीपर्यंत येण्याची रीत आजची नाही. दुर्गाडीवर उभे राहाल तेव्हा हे मनात आणा. किल्ला राजांचा आहेच, पण खालचे बंदर चालले ते शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मालावर.

माय-लेकी बरोबर असतील तर त्यांना आणखी एक गोष्ट सांगा. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी याच कल्याणच्या. नवव्या वर्षी लग्न झालेली, पहिले मूल दहा दिवसांत गेलेले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचे ठरवून ही मुलगी सातासमुद्रापार गेली आणि १८८६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी क्षयाने तिचे निधन झाले, तेव्हा ती बावीस वर्षांचीही नव्हती. दवाखान्याअभावी बाळंतीण दगावल्याचे ज्या गावांनी पाहिले आहे, त्यांना या मुलीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वाचनाची आवड असेल तर १८६४ साली स्थापन झालेले कल्याण सार्वजनिक वाचनालयही जवळच आहे. दीडशेहून अधिक वर्षे चाललेले वाचनालय कसे असते, ते गावच्या वाचनालयाच्या मुलांनी जरूर पाहावे.

दुपार भिवंडीची

कल्याणहून दुर्गाडीच्या पुलावरून कोनगावमार्गे भिवंडी. शहरात शिरण्याआधीच यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. गिरण्या कायमच्या खचल्या आणि कापडाचे पुष्कळ काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे गेले. कापूस पिकवणाऱ्या वाचकांनी इथला एक तरी माग पाहावा. आपण बोंडातून कापूस वेचतो, जिनिंगला घालतो आणि विसरतो. इथे त्याचेच सूत ताण्यावर चढलेले आणि हातभर हातभर कापड पुढे सरकताना दिसते.

मात्र ओळखीच्या माणसाबरोबर आणि मालकाला विचारूनच आत जा. पदर, धोतर, मुलांचे सुटे कपडे पट्ट्याजवळ नेऊ नका. कानठळ्या बसतात, म्हणून तान्हे मूल बाहेर ठेवा. आणि बारा-बारा तास त्या आवाजात उभ्या राहणाऱ्या कामगाराशी दोन शब्द बोला. तोही बहुधा कुठल्यातरी गावचा, कोरडवाहू जमीन सोडून आलेला असतो.

हातात आणखी एक दिवस असेल तर भिवंडी तालुक्यातच वज्रेश्वरी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेत बोललेल्या नवसाचे हे मंदिर. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला तानसा नदीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. लोनाड गावाजवळ जुनी लेणी आहेत. ही सगळी ठिकाणे एका दिवशी कोंबू नका. पायांना आणि खिशाला झेपेल तेवढेच पाहा.

संध्याकाळ पूर्णा गावची

आता मुक्कामाच्या गावी परत. पूर्णा गावात किल्ला नाही, लेणी नाहीत. तरीही शेतकऱ्याने पाहावे असे या सगळ्या टापूत काही असेल तर ते हेच गाव आहे, असे आम्हाला वाटते.

खाडीकाठची ही भातशेतीची गावे. मुंबईत माल शिरला की पालिका जकात घेत असे. व्यापाऱ्यांनी हिशेब केला. सगळा माल एकदम आत नेऊन जकात भरण्यापेक्षा तो हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. आग्रा रोड जवळ, ठाणे जवळ, जमीन सपाट. म्हणून पूर्णा, काल्हेर, वळ, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांत भाताच्या खाचरांवर गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला आणि मुंबईची जकात संपली, पण गोदामे राहिली, उलट वाढली. आज तुम्ही तालुक्याच्या गावी घरबसल्या मागवलेले सामान पुष्कळदा याच बाजूने निघालेले असते. नाणेघाटात जकातीचा रांजण होता. त्याच जकातीने दोन हजार वर्षांनंतर या गावांचे रूप पालटले.

हे मुद्दाम सांगतो, कारण असाच एखादा महामार्ग, औद्योगिक वसाहत किंवा गोदाम उद्या तुमच्या शिवाराला येऊन टेकेल. समृद्धी महामार्गाच्या दहा जिल्ह्यांतल्या गावांना त्याचा अनुभव आलाच आहे. तेव्हा संध्याकाळी पारावर किंवा देवळापाशी बसलेल्या इथल्या जुन्या माणसांना रामराम घाला, जवळ बसा आणि विचारा:

जमीन विकली की भाडेपट्ट्याने दिली? विकणाऱ्याची आणि भाड्याने देणाऱ्याची घरे आज कशी आहेत?

आलेला पैसा कशात घातला? मुलांच्या शिक्षणात, दुसरीकडे जमिनीत, की गाडी आणि लग्नात?

सातबारावर बहिणींची नावे होती का? वाटणी करताना त्यांना विचारले का, की पुढे कोर्टात जावे लागले?

बिनशेतीची परवानगी आणि बांधकामाचा मंजूर नकाशा आधी घेतला का? ज्यांनी घेतला नाही, त्यांचे पुढे काय झाले?

खाचरे बुजवल्यावर पावसाचे पाणी कुठे जाते?

एकच उत्तर मिळणार नाही. एक म्हणेल, बरे झाले, चिखल सुटला, मुले शिकली. दुसरा म्हणेल, पैसा पावसाच्या पाण्यासारखा आला आणि तसाच गेला. दोघांचेही ऐका. कोणाला नावे ठेवू नका, तो त्यांचा संसार आहे. पण ऐकलेले वहीत लिहून ठेवा. जमिनीचा व्यवहार दारात आल्यावर सल्ला देणारे शंभर येतात आणि त्यांतल्या बहुतेकांची दलाली त्या व्यवहारात असते. या म्हाताऱ्यांची नसते. तुमच्याकडून त्यांना काही मिळवायचे नसल्याने ते खरे सांगतात.

परत गेल्यावर

घरी पोहोचलात की आठ दिवसांच्या आत, आठवणी ताज्या आहेत तोवर, ओसरीवर किंवा शाळेत दहा माणसे जमवा. पुस्तके दाखवा. फुलांच्या बाजारातली तोलाई कशी होती ते सांगा. आनंदीबाईंची गोष्ट शाळेतल्या मुलींना सांगा, आणि ती बाईनेच सांगावी. पूर्णा गावच्या माणसांनी काय सांगितले ते वहीतून वाचा. मग पुढच्या संमेलनाला गावातून कोणी जायचे, ते तिथेच ठरवा. या वेळी ज्यांनी गोठा आणि पाण्याची पाळी सांभाळली, पुढच्या वेळी त्यांचा नंबर पहिला.